मास्टर हँड आणि आपला अंगठा

'सुपर स्मॅश ब्रदर्स' हा निन्टेंडोचा व्हिडिओ गेम 1999 मध्ये आला. एरवी आपापल्या वेगळ्या गेममध्ये असणारे मारिओ, लिंक, पिकाचू आणि डाँकी काँग इथे एकमेकांशी लढतात. एकट्याने खेळत सगळे टप्पे पार केले की शेवटी गाठ पडते मास्टर हँडशी. हा राक्षस नाही की ड्रॅगन नाही, पांढरा हातमोजा घातलेला एक प्रचंड हात आहे! लढाईच्या जागेचं नाव फायनल डेस्टिनेशन. अधांतरी तरंगणारा एक सपाट मंच, आडोशाला काहीही नाही.

हे सगळं मला माझ्या नववीतल्या भाच्याने शिकवलं. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे होता. तिसऱ्या दिवशी तो पाण्याची बाटली डाव्या हाताने उघडताना दिसला. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं मावशी." मनगटाला अंगठ्याच्या बाजूने बोट लावलं तसा कळवळला. मग खरं कारण सांगितलं, "आईला सांगू नकोस, गेम बंद करेल."

ही दुखण्याची जागा माझ्या ओळखीची होती. माझ्या लेकीच्या जन्मानंतर तिला उचलताना मला नेमकं तिथेच दुखायचं. त्याला डी क्वेर्व्हेन्सचा आजार म्हणतात. अंगठा बाजूला नेणारे आणि ताठ करणारे दोन स्नायुबंध मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. तीच हालचाल पुन्हा पुन्हा झाली की त्यांचं आवरण जाड होतं, बोगदा अपुरा पडतो आणि प्रत्येक हालचालीला घर्षण होतं. बाळाला उचलणारी आई, सतत मोबाईलवर टाईप करणारे आणि गेम खेळणारी मुलं या सगळ्यांना हा त्रास होऊ शकतो.

गेममुळे अंगठा दुखणं हे काही आजचं नाही. 1990 मध्येच 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका डॉक्टरांनी सलग पाच तास खेळून अंगठा दुखावलेल्या 35 वर्षांच्या स्त्रीबद्दल लिहिलं होतं. त्या दुखण्याला त्यांनी नाव दिलं 'निन्टेंडिनायटिस'! खुद्द स्मॅश ब्रदर्सचे निर्माते मासाहिरो साकुराई यांनाही 2013 मध्ये, पुढच्या आवृत्तीचं काम चालू असताना, उजव्या हाताचा कॅल्सिफिक टेंडोनायटिस झाला. तो आजार वेगळा, त्यात स्नायुबंधात कॅल्शियम साठतं. पण ज्यांच्या खेळात हातच शेवटचा शत्रू आहे, त्यांनाही हाताने सोडलं नाही.

भाच्याला हे समजावताना मला त्याचाच गेम उपयोगी पडला. मास्टर हँडचे 300 गुण असतात, मार बसला की ते कमी होतात. खेळाडूचं उलट असतं. त्याचा आकडा शून्य टक्क्यापासून वाढत जातो, आणि तो जितका जास्त, तितका तोच फटका त्याला लांब भिरकावतो. दुखऱ्या स्नायुबंधाचंही असंच असतं. काल ज्या हालचालीने काही झालं नाही, तीच आज कळ आणते. फटका तोच असतो, आपला आकडा वाढलेला असतो. तो खाली आणायचा उपाय म्हणजे विश्रांती.

उपचार बहुधा साधे असतात. काही आठवडे अंगठ्याला आधार देणारा पट्टा, बर्फाचा शेक आणि दुखणं उतरल्यावर फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. त्याने भागलं नाही तर इंजेक्शन, आणि क्वचित छोटी शस्त्रक्रिया. नंतर खेळताना दर अर्ध्या तासाने हात मोकळे करावेत, कंट्रोलर घट्ट आवळून धरू नये. दोन आठवड्यांत आराम पडला नाही, बोटांना मुंग्या आल्या, अंगठा अडकू लागला किंवा सूज, लाली आणि ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा.

बहिणीशी मी बोलले, भाच्याला सांगूनच. गेम तीन आठवडे बंद राहिला, पण त्याची तारीख आम्ही तिघांनी मिळून ठरवली आणि ती संपल्यावर गेम परत मिळाला.

आईवडिलांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाने "दुखतंय" म्हटल्यावर पहिलं उत्तर "आणखी खेळ!" असं देऊ नका. ते एकदा ऐकलेलं मूल पुढच्या वेळी दुखणं सांगत नाही. आणि लपवलेल्या दुखण्यावर कोणत्याच डॉक्टरकडे औषध नसतं.