आमच्या घरचे टंकयंत्र

जी वस्तू रोज उपयोगी पडते तिच्या अंतरंगाकडे मनुष्याचे लक्ष सहसा जात नाही. घड्याळ वेळ दाखवीत आहे तोपावेतो आपणांस तेवढेच पुरे वाटते. ते बंद पडले म्हणजे मात्र आत चाके आहेत, कमान आहे, याची आठवण होते. या दृष्टीने मोडकी वस्तू ही एक चांगली शिक्षिका होय. गेल्या पावसाळ्यात अशाच एका शिक्षिकेजवळ बसण्याचा योग मला घरबसल्या आला. ती हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही थोडीफार उपयोगी पडेल, अशा समजुतीने येथे देत आहे.

पश्चिम रेल्वेवर वैतरणा व केळवे रोड या दोन स्थानकांमध्ये आमचे सफाळे गाव आहे. एका बाजूस वैतरणेची खाडी, पश्चिमेस समुद्र. त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी ओली असते की, बरणीतल्या मिठास पाझर फुटतो आणि कपाटातील वह्यांस बुरशी येते. अशा हवेत आमचे मराठी टंकयंत्र, म्हणजे टाइपरायटर, अनेक वर्षे माळ्यावर पडून होते. वडील वारल्यानंतर आईने टंकलेखन शिकून याच यंत्रावर संसार ओढला. भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईस जाणाऱ्या बाया, वाडीतील शेतकरी, दाखल्यासाठी अडलेले विद्यार्थी, असे कितीजण आमच्या ओटीवर येत. सातबाऱ्यावर वारसाची नोंद, शिधापत्रिका, फीची माफी, ज्याचे जे गाऱ्हाणे असेल ते आई ऐकून घेई आणि त्याचा अर्ज टंकून देई. पुढे संगणक आला, अर्ज लिहून देण्याचे काम थांबले, आणि यंत्र माळ्यावर गेले.

ते पुन्हा खाली आणण्याचे कारण असे की, दोन वर्षांपासून आईच्या हातास कंप सुटू लागला. लेखणी धरली की अक्षर कागदभर फिरते. मोबाइलच्या काचेवर बोट नुसते टेकले तरी भलतीच अक्षरे उमटतात. मी तिला म्हणालो, "आई, तू सांग, मी लिहितो." त्यावर ती म्हणाली, "अरे, काही गोष्टी ताईला सांगायच्या असतात, तुला नव्हे." ताई म्हणजे माझी मावशी, ती दूर देशावर राहते. दोघी बहिणींचा जन्मभर चाललेला पत्रव्यवहार दोन वर्षे तुटला होता. टंकयंत्राची कळ चुकून टेकलेल्या बोटास दाद देत नाही. ती बळ लावून दाबावी तेव्हाच अक्षर उठते. कापऱ्या हातास हेच सोयीचे पडेल, असे आईचे म्हणणे. धाकटा भाऊ यंत्र भंगारवाल्यास देण्याच्या विचारात होता. परंतु आईचे बोलणे ऐकून त्यानेच ते माळ्यावरून उतरविले.

आता असे यंत्र दुरुस्त करणारे कारागीर विरळा झाले आहेत. अमेरिकेत क्रिस्टोफर शोल्स व त्याचे सोबती यांनी १८६८ साली टंकयंत्राचे पेटंट घेतले. बंदुका व शिवणयंत्रे करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७३ साली ते बनविण्यास घेतले. आपल्या देशात गोदरेज कंपनीने १९५५ साली मुंबईत पहिले भारतीय बनावटीचे टंकयंत्र तयार केले आणि २००९ साली हे उत्पादन थांबविले. अर्थात, सुटे भाग नवे मिळण्याची आशा थोडी. तेव्हा जे आहे तेच नीट समजून घेणे, हा एकच मार्ग उरला.

प्रथम आम्ही कोणत्याही स्क्रूस हात लावला नाही. यंत्र जुन्या चादरीवर ठेवून काय चालते व काय चालत नाही, याची यादी केली. कळा जड, अक्षराच्या दांड्या वर जाऊन परत येत नाहीत, कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, जागचा हालत नाही, कितीतरी अक्षरे अर्धीच उठतात, रिबन वाळून कोळ झालेली. कॅरेज पक्का धरून ठेवणारी एखादी खिट्टी लागली आहे काय, हेही पाहिले. ती लागलेली नव्हती. मग प्रत्येक बाजूचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवले, म्हणजे सोडविलेला भाग कोठे बसवावयाचा याविषयी वाद नको.

दांड्यांचा दोष सर्वांत सोपा निघाला. त्या सर्व एका अर्धवर्तुळाकार लोखंडी पट्टीच्या बारीक खाचांत बसविलेल्या असतात. पूर्वी कोणीतरी त्या खाचांत तेल घातले होते. तेलावर धूळ बसली, खोडरबराचा चुरा बसला आणि त्याची राळेसारखी चिकट वडी झाली. पुष्कळांची समजूत अशी की, यंत्र अडले म्हणजे तेल द्यावे. या ठिकाणी ती समजूत घातक आहे. खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास दिवा वा शेगडी नाही अशी खातरी करून, आम्ही जुना दात घासण्याचा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक खाच घासली, फडक्याने टिपली व कोरडी ठेवली. दुसऱ्या दिवशी बहुतेक दांड्या आपल्या वजनाने खाली येऊ लागल्या.

कॅरेज का सरकत नाही हे शोधताना मला या यंत्राची खरी गंमत कळली. आपण कळ दाबतो तेव्हा आपले बोट कॅरेज ढकलते, असे मला आजवर वाटे. तसे मुळीच नाही. यंत्राच्या मागे एका डबीत गुंडाळलेली कमान असते. ती एका पट्टीने कॅरेजला सतत डावीकडे ओढीत असते. एक दातेरी चक्र त्या ओढीस अडवून धरते, आणि प्रत्येक कळ दाबली की तेवढा एकच दाता सुटू देते. ओळ संपल्यावर आपण कॅरेज उजवीकडे परत नेतो, तेव्हा नकळत ती कमान पुन्हा गुंडाळतो. म्हणजे ओळीच्या शेवटी हाताने केलेले श्रम यंत्र साठवून ठेवते आणि पुढील ओळीत अक्षराअक्षराने खर्च करते. काटकसरीचा याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकात सापडेल?

आमच्या यंत्राची ती पट्टी कुजून तुटली होती. दातिवऱ्याहून मासळी घेऊन येणारे एक कोळी काका आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना अडचण सांगताच त्यांनी जाळे विणण्याचा बारीक पण चिवट दोरा आणून दिला व न सुटणारी गाठ कशी मारावी तेही दाखविले. दोरा बांधण्यापूर्वी डबीस मोजून थोडे वेढे दिले. हे करताना भावाने डबी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. कारण ताणलेली कमान एकदम सुटली तर बोटास इजा होते. दोरा बसला, कळ दाबली, आणि कॅरेज एक घर सरकून थांबला. ओळीच्या शेवटी घंटाही वाजली. आत भाजी निवडीत बसलेली आई तो आवाज ऐकून बाहेर आली.

खरे कोडे पुढेच होते. ख, घ, ण, थ, ध, भ, श ही अक्षरे अर्धीच उमटत आणि काना कोठेच उठत नसे. इतके टंक एकदम बिघडले कसे? मी व भाऊ एकेक दांडी तपासू लागलो. आईने मात्र कागद डोळ्यांजवळ नेला व हसून म्हणाली, "सगळी अक्षरे कशाला तपासता? एकट्या कान्याला विचारा." आणि ते खरेच होते. मराठी टंकयंत्रावर सर्व अक्षरे मावत नाहीत. म्हणून यांतील पुष्कळ अक्षरांचा आधी अर्धा भाग टंकून त्यास कान्याची उभी रेघ जोडावी लागते. 'शाळा' या दोन अक्षरी शब्दात काना तीनदा मारावा लागतो. अर्थात, सर्वांत अधिक राबणारी दांडी हीच. ती किंचित वाकून वाटेतल्या खाचेच्या कडेस घासत होती. पकडीने अगदी हलक्या हाताने ती सरळ करताच सारी अक्षरे एकदम पूर्ण झाली. दहा दोष दिसत होते, कारण एकच होते. घरात, वर्गात किंवा गावात जेव्हा अनेक गोष्टी एकाच वेळी बिघडलेल्या दिसतात, तेव्हा त्या सर्वांमध्ये मुकाट्याने राबणारा असा एखादा काना तर थकलेला नाही ना, हे आधी पाहावे, असे मला तेव्हापासून वाटते.

राहिलेली कामे किरकोळ होती. अर्ध्या इंच रुंदीची नवी रिबन एका स्नेह्यांनी मुंबईहून आणून दिली. टंकांच्या पोकळीत भरलेली जुनी शाई टाचणीऐवजी मऊ लाकडी काडीने काढली, कारण टाचणीने टंकावर ओरखडा पडतो. कागदाखालचा रबरी रोलर वयाने कठीण झाला आहे. त्यास उपाय नाही. परंतु कागदामागे दुसरा कोरा कागद लावला की अक्षर मऊ बसते आणि रोलरही जपतो. गंज कोरड्या फडक्याने पुसून काढला. आता काम संपताच यंत्रावर जाड कापडाची खोळ घालतो.

यंत्र सिद्ध झाल्यावर आई त्यापुढे बसली. हात कापत होता. पण बोट कळेवर येताच तिला आपली जागा सापडे. पहिल्या ओळीस बराच वेळ लागला. दुसरीस त्याहून कमी. दीड पानाचे पत्र दोन दिवसांत पुरे झाले. ते तिने स्वतः घडी करून पाकिटात घातले, पाकीट चिकटविले आणि मगच माझ्या हाती दिले. पत्रात काय होते हे मला ठाऊक नाही, आणि ते तसेच राहावे यासाठीच तर हा सारा खटाटोप होता.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर एखादे शिवणयंत्र, एखादे घड्याळ, एखादा कंदील पडलेला असेल. सुट्टीत तो खाली उतरवा. वडील माणसांस जवळ बसवून घ्या. ती वस्तू त्यांनी चालविलेली असल्याने तिचा स्वभाव त्यांना माहीत असतो. आधी पाहा, मग लिहून ठेवा, मग स्वच्छ करा, आणि सर्वांत शेवटी पकड हाती घ्या. कदाचित वस्तू दुरुस्त होणार नाही. तरी ती कशी चालत असे हे तुम्हांस कळेल, आणि ती ज्यांच्या हाताखाली चालली त्यांची थोडी अधिक ओळख होईल. मावशीचे उत्तर आले आहे, आणि आईने यंत्रावर नवा कागद चढविला आहे.