स्पेशल विषय

टी.वाय.ला स्पेशल कोणता घेतलास, असं १९८१ च्या उन्हाळ्यात मला जो भेटेल तो विचारत होता, आणि बहुतेकांना मला उत्तर दोनदा सांगावं लागत होतं. जिऑलॉजी. भूशास्त्र. कराडला आमच्या आळीत केमिस्ट्री घेतलेली मुलं होती, कारण साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागायची. गणित घेतलेल्या मुली बी.एड. करून शाळेत लागायच्या. दगडांचा अभ्यास करून मुलगी पुढे काय करणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. यात विचारणाऱ्यांचा दोष नव्हता. शाळेत हा विषय भेटतच नाही. भूगोलाच्या पुस्तकात अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित खडक एवढी दोन पानं, की संपलं.

मलाही तो एफ.वाय.ला भेटला. तेव्हा पुणे विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या वर्षी चार विषय असत, ते कमी होत होत टी.वाय.ला एकच स्पेशल उरे. भौतिक, रसायन आणि गणित घरून ठरून आले होते. चौथा माझ्यावर सोडला होता, म्हणून मी भूशास्त्र लिहिलं.

पहिल्या सहलीला आम्हांला सिंहगडावर नेलं. पायथ्याशीच भूशास्त्राच्या सरांनी थांबवलं आणि डोंगर खालून वर नीट बघायला सांगितलं. सरळ तुटलेला कडा, मग उतार, मग पुन्हा कडा. कडा म्हणजे टणक बेसाल्ट, उतार म्हणजे झिजून मुरूम झालेला पोकळ्यांचा बेसाल्ट. लाव्हाचा एकेक लोट येऊन थंड झाला आणि त्यावर पुढचा आला, चपात्यांच्या चळतीसारखे थर साचत गेले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आजही महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग याच खडकाचा आहे. वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलंय आणि आमच्या परसातली विहीरही त्यातच खोदलीय. चढताना मध्येच एक तांबडा पट्टा लागला. सर म्हणाले, इथे दोन लोटांच्या मध्ये बराच काळ गेला. खडकाची माती झाली आणि नंतर आलेल्या लाव्हानं ती भाजून निघाली. त्या पट्ट्यावर मी हात ठेवला. असे डोंगर मी जन्मापासून पाहत होते, पण त्यांना वाचता येतं हे त्या दिवशी कळलं.

खरं तर जमिनीबद्दलचा प्रश्न माझ्या मनात त्याच्या खूप आधीपासून होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. घरातली भांडी खाली आली, आईनं मला पांघरुणासकट उचलून अंगणात आणलं. त्यानंतर कितीतरी रात्री सगळी आळी थंडीत बाहेरच झोपायची. धरणाच्या पाण्यानं भूकंप झाला, असं मोठी माणसं बोलत. पाण्यानं जमीन कशी हलेल, हे मी ज्याला त्याला विचारायची. चौदा वर्षांनी कॉलेजात कळलं की जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेबद्दल नेमकं हेच विचारत होते. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जातं. मग केमिस्ट्री घेण्याचं काही कारणच उरलं नाही.

एक अडचण मात्र खरीखुरी होती, आणि ती सरांनी आम्हां मुलींना फॉर्म भरायच्या आधीच सांगितली. भूशास्त्राच्या बऱ्याच नोकऱ्या खाणींत असतात, आणि १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखाली काम करायला मनाई होती. जमिनीवरच्या कामालाही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ही मर्यादा होती. हे कळल्यावर काही मुलींनी विषय बदलला. त्यांना नावं ठेवण्याचा हक्क कुणालाच नाही, घरी पैसा लवकर यायला हवा होता. ही अट २०१९ साली शिथिल झाली, तोवर आमची पिढी निवृत्तीला आली होती.

माझे वडील, अण्णा, प्राथमिक शिक्षक. ते पुण्याला आले आणि सरांना भेटले. नोकरीचं काही विचारलं नाही. म्हणाले, "विहिरीला पाणी लागलं नाही म्हणून कर्जात बुडालेली घरं मी पाहिलीत. पाणी कुठं आहे ते ही सांगू शकेल का?" सर म्हणाले, "शिकली तर नक्की सांगेल." अण्णांनी फॉर्मवर सही केली.

पुढे मी भूजलाच्या कामात आले आणि त्यातच आयुष्य गेलं. आपल्या कातळात पाणी सगळीकडे मिळत नाही. भेगांत मिळतं, वरच्या झिजलेल्या मुरमात मिळतं, खालचा अभंग पाषाण कोरडाच असतो. गावात गेलं की आमच्या आधी पाणाडी येऊन गेलेला असायचा. त्याच्याशी मी कधी वाद घातला नाही. शेजारच्या विहिरींतली पाण्याची पातळी मोजायची आणि जुन्या विहिरीच्या कडेला उभं राहून मुरूम कुठे संपतो ते शेतकऱ्याला बोटानं दाखवायचं. डोळ्यांना दिसलं की माणूस ऐकतो. खोल बोअर घेऊ नका, हे सांगणं सगळ्यांत कठीण जायचं, कारण शेजाऱ्यानं घेतलेली असायची.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. दख्खनचं पठार स्थिर, असं आम्ही शिकलो होतो. महिन्याभरानं मी तिकडे गेले. रुंद दगडी भिंती, सांध्यांत नुसती माती, वर माळवदाचं ओझं. ती घरं झोपलेल्या माणसांवर पडली होती. एका म्हातारीनं विचारलं, "बाई, पुन्यांदा हालंल का?" मी म्हणाले, कधी ते कुणालाच सांगता येत नाही मावशी, पण घर असं बांधा की भिंती कोपऱ्यात एकमेकींना धरून राहतील. हे त्या गावांच्या गवंड्यांपर्यंत आधीच पोचायला हवं होतं. त्याचं दुःख अजून जात नाही.

आता माझ्या बहिणीची नात बारावीला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात स्पेशलला मेजर म्हणतात, जोडीला मायनर असतो. तिच्याकडे मोबाइलमध्ये प्रत्येक विषयाचं कट-ऑफ आहे, फी आहे, पगाराचे आकडे आहेत. पण त्या विषयात काम करणारा माणूस सकाळी उठून काय करतो, हे तिनं एकाही विषयाचं पाहिलेलं नाही. माझा चौथा विषय योगायोगानं रिकामा राहिला आणि सर सिंहगडावर घेऊन गेले, म्हणून मला निवडता आलं. हे योगायोगावर सोडणं मला मुळीच पटत नाही. मे महिन्यात तिला मी विहिरी मोजायला नेलं. भूशास्त्र घेणार नाही म्हणाली, आणि तेही पाहून ठरवलंय म्हणून मला ते योग्य वाटतं. आता तिला एका संख्याशास्त्रज्ञाकडे आणि एका परिचारिकेकडे न्यायचं आहे.

तुमच्या नात्यात, शेजारात बारावीचं मूल असेल तर फॉर्म भरण्याआधी त्याला एक दिवस तुमच्या कामावर घेऊन जा.