दोन घरचा पाहुणा

'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण काढणाऱ्याला यजमान चांगले मिळाले नसावेत. मी गेली पन्नास वर्षं बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स अशा दोन घरी जेवतो आहे आणि तब्येत उत्तम आहे. पण मराठी माणसाला पक्ष लागतो. आमच्या आजोबांच्या पिढीत बालगंधर्व की केशवराव भोसले यावरून भांडणं. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी त्या दोघांनी एकत्र 'मानापमान' केलं, तेव्हा भांडणाऱ्यांची काय पंचाईत झाली असेल!

या साहेबांचंही तेच. भक्त हमरीतुमरीवर, देव मात्र गुण्यागोविंदाने. १९६३ साली रेकॉर्ड कंपनीला स्टोन्सचं नाव सुचवलं ते बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने. त्यांची दुसरी तबकडी निघाली ती लेनन-मॅकार्टनीच्या गाण्याची. १९६५ मध्ये हॅरिसनने सतार छेडली, तर १९६६ मध्ये स्टोन्सच्या ब्रायन जोन्सनेही छेडली. शेजाऱ्याने गच्चीवर पत्रे घातले की आपणही घालतो, त्यातलाच प्रकार.

खरा फरक मुक्कामाचा. बीटल्सची पहिली तबकडी १९६२ ची. १९७० मध्ये मंडळी मठ्ठा यायच्या आत पंगतीतून उठलीसुद्धा! लोक अजून हळहळतात. स्टोन्स उठायचं नावच घेईनात. २००३ च्या एप्रिलात ते मुंबईला ब्रेबर्नवर आले, तेव्हा मिक जॅगर साठीला टेकला होता. तो नाचत होता आणि त्याच्याहून पंधरा वर्षांनी धाकटा मी, गुडघे धरून बघत होतो. २०२३ मध्ये ऐंशी पूर्ण करून या गृहस्थाने नव्या गाण्यांचा संच काढला.

निवृत्तीनंतर मी कासारसाईला राहायला आलो. शेजारचे आबा भजनी मंडळाचे प्रमुख, वय अठ्ठ्याहत्तर. संध्याकाळी ओट्यावर बसून माझ्या तबकड्या ऐकतात. बीटल्स ऐकून म्हणाले, "चाल गोड हाय." स्टोन्स ऐकून म्हणाले, "ह्येला कुणी मारलं का काय?"

गेल्या आषाढात मंडळाचे पखवाजवाले गेले. चाळीस वर्षांची जोडी. तेव्हापासून एकादशीचं भजन बंद, टाळ खुंटीला.

"ऱ्हाऊ द्या आता," आबा म्हणाले. "गोडीत हाय तवर उठावं."

"आबा, हा झाला बीटल्सचा पंथ," मी म्हटलं आणि स्टोन्सची हकीकत सांगितली. अठ्ठावन्न वर्षं ताल धरणारा चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये गेला. पुढच्याच महिन्यात यांचा दौरा ठरलेला होता.

"मग? रद्द केला?"

"नाही. पडद्यावर त्याची चित्रं दाखवली आणि वाजवलं. स्टीव्ह जॉर्डन म्हणून बदली माणूस घेतला."

आबा बराच वेळ धरणाच्या पाण्याकडे बघत राहिले.

"बदली पोरगा केवढा हुता?"

"चौसष्ट वर्षांचा."

"म्हंजी पोरगाच की!" आबा ताडकन म्हणाले. "आमच्या गुरवाचा थोरला तर चाळीसच्या आतला. हात बरा हाय त्येचा. पर घाई लई करतो."

"घाई काय, मोडता येईल."

"मोडाय माणूस पायजे ना समोर."

बीटल्स श्रेष्ठ की स्टोन्स, या प्रश्नावर मी अजूनही दोन्हीकडे जेवतो. येत्या एकादशीला मात्र तिसऱ्या घरचं आमंत्रण आहे. टाळ माझा, चूक झाली तर गुरवाच्या पोरावर ढकलायची, असं आबांनी आधीच सांगून ठेवलंय.