यादीत नसलेला कापूस

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला. विदर्भातल्या खेड्यांत या दिवशी सालदाराचं साल ठरतं. जुना हिशेब फिटतो, पुढच्या वर्षाचे पैसे आणि धान्य बोललं जातं आणि कास्तकाराचं नवं वर्ष लागतं. त्याच दिवशी देशाची टाळेबंदी सुरू झाली. यवतमाळ जिल्ह्यात ते महिने काढताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली आणि इतक्या वर्षांनीही ती बदललेली नाही. त्या काळाचं खरं राजकारण टाळ्या-थाळ्यांत किंवा टीव्हीवरच्या भांडणांत नव्हतं. ते एका यादीत होतं, जीवनावश्यक सेवांच्या यादीत. काय सुरू राहणार, काय बंद होणार आणि घराबाहेर कोण पडू शकणार, हे तिच्यावर ठरत होतं. ती यादी करताना ज्यांचं जगणं तिच्यावर टांगलेलं होतं, त्यांना कोणी काही विचारलं नाही. टाळेबंदी चुकीची होती असं माझं म्हणणं नाही. न विचारता ठरवण्याची किंमत कोणी मोजली, एवढाच माझा प्रश्न आहे.

आजार आमच्याकडे उशिरा आला, असंही म्हणता येत नाही. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, ते दुबईच्या सहलीहून परतलेले होते. त्याच सहलीतल्या यवतमाळच्या दोघांचे अहवाल १४ मार्चला पॉझिटिव्ह आले. म्हणजे मुंबई-पुण्याच्या बातम्या वाचता वाचताच आमचा जिल्हा नकाशावर आला होता आणि वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला विलगीकरण कक्ष साऱ्या जिल्ह्याच्या तोंडी झाला होता. त्याच सुमारास राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या काळात इंग्रजांनी केलेला हा कायदा मुळात जेमतेम चार कलमांचा होता. सरकारला वाटतील ते उपाय करण्याचा अधिकार त्यात आहे, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला दाव्यापासून संरक्षणही आहे. लोकांना विचारावं, निदान त्यांना कारण सांगावं, असं मात्र त्यात कुठेच नाही. प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड याच्या काळात पुण्याने हा एकतर्फीपणा भोगला होता. सव्वाशे वर्षांनी अंमलदार आपले होते, त्यांचा हेतूही चांगला होता, पण हत्यार तेच जुनं होतं.

आता यादीकडे येऊ. २४ मार्चच्या केंद्राच्या आदेशात रेशन दुकानं, किराणा, भाजी, दूध, मांस, चारा, बँका, पेट्रोल पंप, दूरसंचार, वृत्तपत्रं असं बरंच काही होतं. शेती नव्हती. खाणाऱ्याला जे लागतं ते यादीत आलं आणि पिकवणाऱ्याला जे लागतं ते राहून गेलं. तीन दिवसांनी, २७ मार्चला, दुरुस्ती निघाली. शेतीची कामं, शेतमजूर, बाजार समित्या, बियाणं आणि खतांचे कारखाने, हमीभावाची खरेदी या सगळ्यांना सूट मिळाली. चूक तीन दिवसांत सुधारली, मग तक्रार कसली, असं कोणी विचारेल. तक्रार अशी की कागदावर सूट मिळूनही आमच्याकडची सरकारी कापूस खरेदी पुढे कित्येक आठवडे बंदच राहिली. ती हळूहळू सुरू झाली तेव्हा एप्रिल सरत आला होता, आणि तीही दिवसाला ठरावीक गाड्यांच्या हिशेबाने.

असं का झालं, हे कापूस खरेदी जवळून पाहिलेल्या कोणालाही कळेल. सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळ किंवा राज्याचा पणन महासंघ कापूस हवेत घेत नाही, जिनिंगच्या आवारात घेतो. गाडी आत आली की ग्रेडर ओलावा पाहतो. आठ टक्क्यांपर्यंत भाव पूर्ण, त्यावर बारापर्यंत कपात, आणि त्यापुढे गाडी परत. मग काटा होतो, कापूस गंजीवर पडतो, रेचे चालतात, सरकी वेगळी निघते, गाठी बांधल्या जातात. सरकी आणि गाठी उचलल्या गेल्या नाहीत तर नव्या कापसाला जागाच उरत नाही. या साखळीत बाहेरगावचे मजूर आहेत, ट्रक आहेत, गोदामं आहेत, तेलाच्या घाण्या आहेत. मजूर गावी निघून गेलेले, ट्रक अडकलेले, घाण्या बंद, अशा वेळी एकट्या खरेदीला सूट म्हणजे बैलांवाचून बंडीला परवानगी. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसाने वेचणी आधीच लांबली होती, म्हणून मार्च संपत आला तरी कापूस घराघरांत पडून होता. माजघरात छताला भिडलेली गंजी, त्यातून अंगाला सुटणारी खाज, उंदीर, आणि चुलीची एखादी ठिणगी उडाली तर काय, ही धास्ती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ५,५५० रुपये. खेडा खरेदीवाला व्यापारी त्याहून बराच कमी भाव सांगत होता, आणि ज्याला बियाण्याची सोय करायची होती तो त्या भावालाही देत होता. मृगाचा पाऊस काही टाळेबंदी उठायची वाट पाहत बसत नाही.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. आजार नवा, औषध नाही, लस नाही. अशा वेळी गावोगाव विचारत बसलं असतं तर माणसं मेली असती. पहिल्या पंधरवड्यापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. पण टाळेबंदी एकदाच झाली नाही. १४ एप्रिल, ३ मे, १७ मे अशी ती वाढत गेली आणि दर वेळी नवी यादी, नव्या सवलती, नवं परिपत्रक आलं. पहिल्या यादीला घाईची सबब चालते, चौथ्या यादीला चालत नाही. शिवाय विचारण्याला महिने लागतात हेही खरं नाही. तालुक्याच्या बाजार समितीचा सचिव, एक जिनिंगवाला आणि दोन कास्तकार यांना फोन केला असता तरी वरची साखळी अर्ध्या तासात कळली असती.

आणि जिथे खालची अडचण वर पोचली, तिथे नियम वाकलेही. रेशनसाठी पॉस मशीनवर कार्डधारकाचा अंगठा लागतो. साथीत तो धोक्याचा म्हणून राज्याने दुकानदाराच्या अंगठ्यावर धान्य देण्याची मुभा दिली. शिवभोजन थाळी दहाची पाचवर आली आणि तालुक्याच्या गावांपर्यंत गेली. महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेचं आधार प्रमाणीकरण अंगठ्यावाचून अडलं होतं आणि जुनं कर्ज खात्यावर असल्यामुळे नवं पीककर्ज मिळत नव्हतं. तेव्हा २२ मे रोजी शासनाने बँकांना सांगितलं, की या शेतकऱ्यांची रक्कम ‘शासनाकडून येणे’ अशी दाखवा आणि त्यांना खरीपाचं कर्ज द्या. किती बँकांनी ते मनापासून पाळलं हा वेगळा विषय. पण एवढं सिद्ध होतं, की अडचण कळल्यावर शासनाला मार्ग सापडत होता. अडचण कळायला दोन महिने लागले, कारण ती सांगायची ठरलेली जागाच नव्हती.

महामार्गावर हीच गोष्ट सर्वांत उघडी पडली. हैदराबादहून नागपूरकडे जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पाटणबोरीला तेलंगणातून आमच्या जिल्ह्यात शिरतो आणि पांढरकवडा, करंजी, वडकीवरून पुढे जातो. उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात त्या रस्त्याने उत्तरेकडची माणसं पायी चालत होती. २९ मार्चच्या आदेशाने त्यांना आहेत तिथे थांबायला सांगितलं होतं. मालकाने पगार द्यावा, घरमालकाने भाडं मागू नये, असंही त्यात होतं. आदेश काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे महिन्याचा पगार आणि छपराचं घर असलेला मजूर होता. रोजंदारीवर जगणारा आणि कामाच्या जागेवरच झोपणारा मजूर त्याला दिसलाच नाही. १ मे रोजी पहिली श्रमिक रेल्वे निघाली ती हैदराबादजवळच्या लिंगमपल्लीहूनच, झारखंडच्या हटियाला. तोवर कितीतरी माणसं आमच्या रस्त्याने पुढे निघून गेली होती. १९ मे रोजी सोलापूरहून मजुरांना नागपूरच्या रेल्वेगाडीसाठी घेऊन येणाऱ्या बसला आर्णीजवळ अपघात झाला आणि चार जणांचा जीव गेला. या काळात वाटेवरच्या गावांनी पाणी, भाकर, चपला दिल्या. कोणत्याही परिपत्रकाने त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्याहून भक्कम आहे. ज्या गावांचे गोडवे तुम्ही गाता, त्याच गावांनी वेशीवर काट्याच्या फांद्या आणि बांबू आडवे टाकले, मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्याच पोरांना आत घेतलं नाही, आणि दिल्लीच्या तबलिगी मरकजची बातमी आल्यावर मुसलमान भाजीवाल्याला हाकललं. यांच्या हाती निर्णय द्यायचा? हे घडलं, नाकारण्यात अर्थ नाही. पण ते अधिकार मिळाल्यामुळे घडलं नाही, माहिती आणि जबाबदारी दोन्ही नसल्यामुळे घडलं. भीती गावात मोबाइलवरून शिरत होती आणि तिला उत्तर देणारा अधिकृत माणूस गावात नव्हता. मे महिन्यात परतणाऱ्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवण्याची जबाबदारी सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक आणि आशा यांच्या समितीवर टाकली गेली, तेव्हा आडवे बांबू टाकणाऱ्या गावांतूनच शाळेत डबे जाऊ लागले. घरोघर फिरून ताप विचारणाऱ्या आशाताईला या कामाचे महिन्याला हजार रुपये जादा मिळत होते, पण तिच्याजवळ त्या गावाची जी माहिती होती ती मंत्रालयातल्या कुठल्याही कक्षात नव्हती. मरकजचं म्हणाल, तर तो विखार गावाने जन्माला घातलेला नव्हता, तो वरून आला होता. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, तोवर भाजीवाल्याचा उन्हाळा हातचा गेला होता.

गंमत अशी, की विचारण्याची सोय कायद्यातच होती. टाळेबंदी ज्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यावर उभी होती, त्याच्या २५ व्या कलमात जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी, असं स्पष्ट लिहिलं आहे. प्रत्यक्षात आदेशाखाली सही एकट्या जिल्हाधिकाऱ्यांची असे. ग्रामपंचायतींचं तर उलटंच झालं. काम त्यांच्याकडे आलं आणि अधिकार निघून गेला. मुदत संपलेल्या गावांच्या निवडणुका लांबल्या, हे योग्यच होतं. घटनेतली पाच वर्षांची मुदत वाढवता येत नाही, हेही खरं. पण प्रशासक कोण, या प्रश्नावर जुलैमध्ये शासनाने जे उत्तर काढलं, ते पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने नेमणूक हे होतं. म्हणजे साथीच्या आडून गावच्या खुर्चीवर पक्षाचा माणूस. उच्च न्यायालयाने ते अडवून सरकारी अधिकाऱ्यांकडे बोट दाखवलं. त्याच उन्हाळ्यात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आमदारकीसाठी विधान परिषदेची निवडणूक मात्र वेळेत पार पडली. ती बिनविरोध झाली, गर्दीचा प्रश्न नव्हता, हे मान्य. तरी कोणाची निवडणूक थांबू शकत नाही आणि कोणाची थांबू शकते, हीसुद्धा एक यादीच होती.

शेवटचा आक्षेप निकालाचा. पहिल्या महिन्यांत जिल्ह्यात रुग्ण कमी राहिले, म्हणजे कडक बंदोबस्त फळाला आला. काही अंशी आला. पण साथ महिन्यांची नव्हती, वर्षांची होती, आणि लांब पल्ल्यात बंदोबस्ताला लोकांच्या विश्वासाची जोड लागते. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती-यवतमाळला रुग्ण पुन्हा वाढले आणि नवे निर्बंध आले, तेव्हा हा विश्वास कितपत उरला होता? २१ फेब्रुवारीला मुख्यमंत्र्यांनी राजकीय आणि धार्मिक गर्दीवर बंदी जाहीर केली. दोनच दिवसांनी आमचे तेव्हाचे पालकमंत्री शेजारच्या वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला गेले आणि तिथे हजारो माणसं जमली. ज्याला आदल्या वर्षी बंडी घेऊन थांबवलं, त्या कास्तकाराने हे पाहून नियम पाळावा कशासाठी? नियम करताना लोकांना बाजूला ठेवलं, की पाळताना लोक नियमाला बाजूला ठेवतात. याला उद्दामपणा म्हणण्यापेक्षा हिशेब म्हणावं.

पुढची साथ येईल तेव्हा माझी मागणी साधी आहे, आणि तिला नवा कायदाही लागत नाही. आदेशाखाली दोन सह्या असाव्यात, जिल्हाधिकाऱ्यांची आणि निवडून आलेल्या सहअध्यक्षाची. यादी दर पंधरा दिवसांनी बदलणारच असेल, तर बदलण्याआधी बाजार समिती, आशा आणि सरपंच यांच्याकडून तालुकावार अडचणी मागवाव्यात आणि कोणती मान्य केली, कोणती नाही आणि का, हे आदेशातच छापावं. याने एकही रुग्ण वाढणार नाही. चुकीची यादी मात्र दोन महिने तशीच राहणार नाही, आणि ती कोणी केली हेही लोकांना ठाऊक असेल.