गळतीचा अर्थ

कोणतेही लक्षण स्वतःहून काही सांगत नाही. ते ज्या व्यवस्थेत उमटते तिचे व्याकरण ठाऊक असेल, तरच त्याला अर्थ येतो. साहित्य शिकवताना हे आम्ही अनेकदा म्हटले आहे. त्याची कसोटी मात्र लागली ती कॅलिफोर्नियातील वास्तव्यात, १९७३ सालच्या एका पोर्शे ९१४ गाडीपुढे.

या दोन आसनी गाडीत बॉशची डी-जेट्रॉनिक ही फ्युएल इंजेक्शन प्रणाली आहे. १९६७ साली प्रथम आलेली ही प्रणाली इंजिनात शिरणारी हवा प्रत्यक्ष मोजत नाही. मॅनिफोल्डमधील दाबावरून ती हवेचा अदमास घेते आणि त्या मानाने पेट्रोल सोडते. दोषांची नोंद ठेवणारी स्मृती तिला नाही. आजच्या गाडीप्रमाणे उपकरण जोडून दोषाचा क्रमांक मिळवावा, अशी सोय येथे नसते. वाचावी लागते ती गाडीच.

आमच्या गाडीचे दुखणे असे, की इंजिन तापल्यावरही आयडलिंग चढेच राही. एका गॅरेजात सल्ला मिळाला : हे सारे काढून टाका, कार्बोरेटर बसवा. अनेक ९१४ गाड्यांच्या वाट्याला हेच आले आहे. उताऱ्याचा अर्थ लागत नाही म्हणून तो संहितेतून गाळून टाकावा, तशातलाच हा प्रकार. आम्हांला तो मानवला नाही.

प्रथम इंधनाचा दाब मोजला. तो सुमारे २ बार, म्हणजे योग्य होता. मग सिलिंडर हेडवरील तापमापक सेन्सर. त्याचा विद्युतरोध थंड असताना जास्त, तापल्यावर कमी. त्याची तार तुटली, तर कंट्रोल युनिटला इंजिन गोठल्यासारखे भासते आणि ते पेट्रोल ओतत राहते. येथे तसे काही नव्हते. उरल्या रबरी नळ्या. एकेक चिमटीत दाबत गेलो, तेव्हा एका नळीशी गती झटकन उतरली. दोष कारखान्याचा नव्हे, काळाचा होता. पन्नास वर्षांत रबराला तडा गेला होता.

विचार करण्याजोगे आहे ते यापुढचे. प्रत्यक्ष हवा मोजणाऱ्या एल-जेट्रॉनिक प्रणालीत अशा तड्यातून शिरलेली हवा हिशेबाबाहेर राहते. मिश्रण विरळ होते, इंजिन अडखळते. डी-जेट्रॉनिकमध्ये तीच हवा मॅनिफोल्डमधील दाब वाढवते. पेट्रोल अधिक सुटते, गती चढते. तडा तोच, लक्षणे मात्र परस्परविरुद्ध.

नवी नळी बसली आणि मूळ प्रणाली शाबूत राहिली. दुर्बोध ठरवून बाजूस सारलेल्या कवितेपुढेही पहिला प्रश्न हाच असावा, असे आम्हांला वाटते : ही रचना नेमके काय मोजते आहे?