नामंजूर सही

मंडल अधिकारी म्हणून ज्या सहीनिशी मी शेकडो फेरफार मंजूर केले, ती सही मी स्वतः समोर उभा असताना बँकेच्या एका अधिकाऱ्याने नामंजूर करावी, याचा संताप मानेची शस्त्रक्रिया होऊन गेल्यावरही माझ्या मनातून गेलेला नाही. त्याआधी कित्येक महिने सदऱ्याच्या गुंड्या लावताना बोटे अडखळत, जिना उतरताना पाऊल भलतीकडेच पडे. मान मात्र दुखत नसे, म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलेही नाही. वय झाले, असा निकाल घरी आणि दवाखान्यातही लागून गेला होता.

निवृत्तिवेतन काढण्यास मुलाबरोबर बँकेत गेलो, तेव्हा त्या गृहस्थांनी माझी सही नमुन्याशी ताडून पाहिली आणि पुन्हा करावयास फर्मावले. केली, तो शेवटचा फराटा चौकटीबाहेर गेला. रांगेतील माणसे टक लावून पाहू लागली आणि अधिकाऱ्याने विचारले, "खातेदार कुठे आहेत?" विचारले तेही माझ्या मुलाला, मला नव्हे! आजारी वा अपंग खातेदाराचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष, त्यांपैकी एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असल्यास, ग्राह्य धरावा अशी रिझर्व्ह बँकेची तरतूद आहे. तिचा त्यांनी उच्चारही केला नाही. अंगठेबहाद्दर म्हणून एखाद्या कुळाला मी कचेरीतून असे परतवले असते, तर माझ्यावर कसुरीचा ठपका आला असता, आणि तो रास्तच ठरला असता.

पुढे एका शल्यविशारदांनी माझ्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तोच अंगठा आपोआप आत वळला. मानेत मज्जारज्जू दाबला जात असल्याची ती खूण, म्हणून लगेच एमआरआय झाला. निरोगी प्रौढाच्या मानेत मज्जारज्जूची वाट सुमारे १७ मिलिमीटर असते. झिजलेल्या चकत्या व वाढलेले हाड यांनी माझी १० च्या आत आणली होती. जपानी शल्यविशारद हिराबायाशी यांच्या पद्धतीने मणक्यांच्या मागील कमानी एका बाजूने कापून, दुसरीकडे बिजागरी राखून, दारासारख्या उघडल्या गेल्या.

"गेलेले परत येईलच असे नाही, पुढचे जाणे थांबवू," हे माझ्या शल्यविशारदांचे शब्द तेव्हा निर्दय वाटले. नंतर, इतक्या दिवसांत खरे बोलणारा हा एकच माणूस, असे वाटले. आणि रात्री बोटे बधिर झाली, की पुन्हा निर्दयच वाटतात.

अक्षर विनाकारण बिघडले, तर मान दुखण्याची वाट पाहू नये, हातापायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया तपासून घ्याव्यात. आणि निदान होईपर्यंत केशकर्तनालयात मान मोडून घेण्याची हौस तरी कृपा करून आवरावी.