पलंग कुणाचा?

फ्लॉरेन्सहून परतून आठ महिने झाले, तरी तो पलंग डोक्यातून जात नाही.

पलाझ्झो दावांझाती. चौदाव्या शतकात दाविझ्झी या व्यापारी घराण्यानं बांधलेला वाडा. 1578 साली दावांझातींनी घेतला, आता सरकारी संग्रहालय. वरचे मजले ठरावीक वेळीच दाखवतात, म्हणून आम्ही दोघं ताटकळलो. पण भिंतभर पोपट रंगवलेली खोली, प्रत्येक मजल्यावरून पाणी शेंदता येईल असा आड, आगीच्या धास्तीनं सगळ्यात वर नेलेलं स्वयंपाकघर पाहून मी हरखूनच गेले. निजायच्या खोलीत ह्यांना म्हटलं, "अहो, सहाशे वर्षांपूर्वी घरची मालकीण ह्याच पलंगावर झोपत असेल!"

मग मार्गदर्शक मुलीला विचारलं. ती हसली. म्हणाली, खोली तीच, पलंग नव्हे.

एलिया व्होल्पी नावाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं 1904 साली हा वाडा घेतला. तोवर आत भाडेकरूंची बिऱ्हाडं झाली होती. त्यानं डागडुजी केली, भिंतींवरची चित्रं उजळली, स्वतःकडचं जुनं सामान मांडलं आणि 1910 साली वाडा लोकांना खुला केला. लोक भारावले. आणि 1916 साली त्या गृहस्थानं ते सामान न्यूयॉर्कला लिलावात काढलं! याला संग्रहालय म्हणायचं की दुकान? सरकारनं 1951 साली वाडा घेतला, पुन्हा सामान जमवून 1956 साली उघडला. म्हणजे मी ज्यावर जीव टाकला तो संसार दोनदा मांडलेला!

मी जाम चिडले. आमच्या पुण्यात केळकर संग्रहालयातला मस्तानी महालही कोथरूडहून आणून उभारलेला, पण तसं सांगतात तरी. ह्यांचं म्हणणं, "इथंही सांगितलंच की." हो, पण मी विचारल्यावर!

तेवढ्यात तिनं भिंतीवरची अक्षरं दाखवली. 26 एप्रिल 1478 रोजी कॅथेड्रलमध्ये फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी घराण्यातल्या जुलियानो द मेदिचीचा खून झाला. ती बातमी घरातल्या कुणीतरी भिंतीवरच टिपून ठेवलेली. आपण कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहितो, तशी. ही मात्र कुणी आणून मांडलेली नव्हती. आणि मला व्होल्पीवर रागावणंही जमेना. बिऱ्हाडं हलवून ह्या भिंती मोकळ्या केल्या त्या त्यानंच.

जाणार असाल तर वरच्या मजल्यांची वेळ आधी विचारून घ्या, आणि भिंती वाचा. आमच्या फोनमध्ये त्या पलंगाचे चार फोटो आहेत, भिंतीचा एकही नाही.